पाव : मूळ कोठले, मुक्काम कोठे?

कल्याण सोडून लोकल कर्जतच्या बाजूला निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके एकामागून एक येतात. या पट्ट्यात पहाटे फजरची नमाज आटोपून आम्ही रस्त्यावर आलो की पहिली गाठ पडते ती पाववाल्याशी. सायकलच्या मागे भली मोठी पिशवी, हँडलला भोंगा आणि भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पावाचा ऊबदार वास. दूधवाला आणि पेपरवाला त्याच्यामागून येतात. चाळीतला गिरणी कामगार, कॅम्पातला सिंधी व्यापारी, बौद्धवाड्यातले घर, मोहल्ल्यातले घर, सगळ्यांच्या दारी हा भोंगा वाजतो. त्याचे नाव काय, गाव कोणते, हे कोणी विचारत नाही. निदान आजवर विचारत नसत.

अशाच एका सकाळी अंबरनाथ स्थानकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर पावावरूनच वाद रंगला. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, चार नग एकत्र विकत, त्यातला एक म्हणजे पाव. हिशोब सरळ आहे." शेजारी उभे असलेले सिंधी शेठ हसले. "हम तो डबल बोलते हैं, पाव-बिव कुछ नहीं." एक तरुण म्हणाला, "पोर्तुगीज शब्द आहे तो. म्हणजे परदेशी, आपला नव्हेच." आणि मग चौथ्याने आमच्याकडे पाहत विचारले, "काहीही म्हणा, पीठ पायाने तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात. बेकऱ्या तुमच्याच लोकांच्या. तुम्हीच सांगा, खरे की खोटे?"

सगळे हसले. आम्हीही हसलो, पण तो घोट काही गोड लागला नाही. प्रश्न एका शब्दाचा होता, आणि बघता बघता तो एका जमातीच्या हातापायांच्या स्वच्छतेवर येऊन थांबला होता. त्या दिवशी आमच्याजवळ उत्तर नव्हते. नंतर आम्ही कोश चाळले, इतिहासाची पुस्तके पाहिली, भट्टीवाल्यांशी बोललो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी चौथ्या हिश्शाची गोष्ट पाहू. मराठीत पाव म्हणजे चतुर्थांश. पावशेर, पाव आणा, सव्वा म्हणजे एक आणि पाव. दशमान पद्धत येण्यापूर्वी आमच्या वडीलधाऱ्यांचा सारा व्यवहार पाव, अर्धा, पाऊण यांतच चालत असे. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर आजच्या मापात सुमारे ९३३ ग्रॅम भरतो, म्हणजे पावशेर झाला २३३ ग्रॅम. तेव्हा 'पावशेर पिठाचा तो पाव' किंवा 'चारातला एक तो पाव' असे कोणाला वाटले तर नवल नाही. इंग्रजांकडेही 'क्वार्टर्न' नावाचा मोठा पाव होता आणि त्या नावातही चतुर्थांशच आहे. त्यामुळे ही उपपत्ती पहिल्या ऐकण्यात पटते.

पण भट्टीवर जाऊन पाहिले की ती डळमळू लागते. आपल्याकडचा पाव भट्टीतून सुटा निघत नाही, तो लादीत निघतो. गोळे एकमेकांना खेटून पत्र्यावर मांडतात, ते फुगून एकमेकांना चिकटतात आणि फरशीसारखी एक लादी तयार होते. लादी हा शब्द अस्सल मराठी कानाला घरच्या फरशीची आठवण देतो, आणि तो तसाच पडला असावा. या लादीत कोठे सहा नग असतात, कोठे आठ, कोठे बारा. चारांचा नियम कोठेच नाही. शिवाय मापावरून वस्तूचे नाव पडले असते तर अर्ध्या शेराच्या पावाला 'अर्धा' म्हणायला हवे होते. तसे कोणी कधी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आता पायाची गोष्ट. हिंदीत पाय म्हणजे 'पाँव'. बेकरीत मैदा पायाने तुडवीत, म्हणून पावरोटी, असे उत्तरेत सांगतात. बंगालमध्येही 'पाउरुटी'बद्दल हीच कथा प्रचलित आहे, कारण बंगालीत 'पा' म्हणजे पाय. मराठीत मात्र पायाला 'पाय' म्हणतात, 'पाव' म्हणत नाहीत. मराठी माणसाने पायावरून नाव ठेवले असते तर ते 'पायरोटी' झाले असते. म्हणजे ही कथा मराठीच्या पोटातून आलेली नाही, ती दुसऱ्या भाषेच्या खांद्यावर बसून आली आहे.

येथे एक गंमत वाचकांच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. चौथा हिस्सा आणि पाय या दोन्ही कथा एकाच संस्कृत शब्दातून निघाल्या आहेत. 'पाद' म्हणजे पाय. चार पायांच्या जनावराचा एक पाय हा त्याचा चौथा भाग, म्हणून 'पाद' म्हणजे चतुर्थांशही. श्लोकाचा चौथा भाग तो पाद आणि रुपयाचा चौथा भाग तो पावला, तोही तेथलाच. तेव्हा टपरीवर एकमेकांशी भांडणारे ते दोन गृहस्थ, नकळत का होईना, एकाच घरातले भाऊबंद होते!

पीठ पायाने मळणे ही गोष्ट जगात कधी घडलीच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इजिप्तच्या लोकांबद्दल लिहून ठेवले आहे, की ते कणीक पायाने मळतात आणि चिखल हाताने. परक्या लोकांच्या उलट्या रीतींची एक यादीच त्याने दिली आहे आणि ही त्यातली एक. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की तेव्हाही हे वाक्य दुसऱ्यांबद्दल होते. पीठ पायाने मळतात ते नेहमी 'ते' असतात, 'आपण' कधीच नसतो. मोठ्या घाण्यातले पीठ तुडवण्याची रीत युरोपातल्या जुन्या बेकऱ्यांतही होती. त्यावरून कोणी फ्रेंच किंवा इंग्रजी भाषेत पावाचे नाव पायावर ठेवले नाही. मग ते फक्त आपल्याकडेच का ठेवले गेले असेल?

केवळ उच्चार जुळतो म्हणून शब्दाचे मूळ सापडत नसते. मराठीत 'पाव' हा उच्चार आणखी एका ठिकाणी आहे. देव पावतो, नवस पावतो. म्हणून पावाचे मूळ नवसात शोधायचे काय? शब्दाचा शोध हा पोलिसी तपासासारखा असतो. चेहरा मिळताजुळता असणे पुरेसे नसते. तो माणूस त्या वेळी, त्या जागी होता की नाही हे पाहावे लागते.

असा तपास केला की माग निघतो तो समुद्राकडे. पोर्तुगीज भाषेत रोटीला 'पांव' म्हणतात, शेवटचा स्वर नाकातून. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाशी झालेल्या तहाने वसई त्यांच्या ताब्यात आली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ, ती त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. पोर्तुगीजांना गव्हाच्या फुगलेल्या रोटीवाचून जेवण नव्हते, आणि ख्रिस्ती उपासनेतही गव्हाच्या रोटीला स्थान आहे. येथे खमीर मिळेना, तेव्हा माडाची ताडी घालून पीठ फुगवण्याची युक्ती निघाली. गोव्यात पाव भाजणाऱ्याला आजही 'पोदेर' म्हणतात, तो पोर्तुगीज 'पादेइरो' या शब्दाचाच अवतार. भाजणाऱ्याचे नाव पोर्तुगीज आणि भाजलेल्या वस्तूचे नाव मात्र शेर-छटाकातले, असे कसे होईल?

याहून मोठा पुरावा नकाशावर आहे. श्रीलंकेत सिंहली भाषेत पावाला 'पान' म्हणतात. जपानी भाषेतही तो 'पान'च. सिंहलीत किंवा जपानीत चतुर्थांशाला पाव म्हणत नाहीत आणि पायालाही पाँव म्हणत नाहीत. मग एकाच वस्तूला हा एकच उच्चार गोव्यात, लंकेत आणि जपानात कसा? जोडणारा दुवा एकच, पोर्तुगीज जहाजे. ती लंकेला गेली आणि १५४३ साली जपानच्या किनाऱ्यालाही लागली. जेथे जेथे जहाजाने नांगर टाकला तेथे तेथे हा शब्द उतरला. गोव्यातील आसगावचे धर्मगुरू आणि भाषापंडित सेबास्तियांव रुदोल्फु दाल्गादु (१८५५–१९२२) यांनी आशियाई भाषांत पसरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोश १९१३ साली पोर्तुगालमधील कोइंब्रा येथे प्रसिद्ध केला. १९३६ साली बडोद्याहून त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. आमच्या या पावाची नोंद त्यात आहे. तेव्हा शब्दाच्या मुळापुरते बोलायचे तर टपरीवरचा तो तरुण बरोबर होता. पायाच्या कथेचा उगमही यातून उमगतो. 'पांव' हा नाकातला उच्चार हिंदी कानाला 'पाँव'सारखा ऐकू आला असावा, आणि कथा मागाहून रचली गेली असावी.

या पट्ट्यातल्या लोकांना तर हा माग घरबसल्या दिसतो. कर्जतच्या डोंगरांतून येणारी उल्हास नदी बदलापूरवरून, कल्याणवरून वाहत जाते आणि वसईच्या खाडीने समुद्राला मिळते. उल्हासनगरला नाव याच नदीचे. पाव हा शब्द ज्या बंदरात उतरला त्यांपैकी एक आमच्या नदीच्या मुखाशी आहे. तो येथपर्यंत पोचायला फार लांबचा प्रवास करावा लागला नाही.

पण सिंधी शेठजींच्या 'डबल'चे काय? उत्तरेत पावाला डबल रोटी म्हणतात. कोणी सांगतात पीठ फुगून दुप्पट होते म्हणून, कोणी सांगतात ते दोनदा फुगू देतात म्हणून, कोणी सांगतात साध्या रोटीच्या दुप्पट जाड म्हणून. कारण कोणतेही असो, डबल हा शब्द इंग्रजी, रोटी हिंदुस्थानी. हैदराबादच्या मुसलमानांच्या लग्नात 'डबल का मीठा' असतो, तो याच डबल रोटीचा. फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली जवळपास लाखभर माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आणून ठेवली गेली. त्यांच्यासोबत 'डबल'ही आला. सिंधी घरात पाव टोमॅटो-कोथिंबिरीच्या रश्श्यात मुरवून 'सेयल डबल' करतात. ज्यांचे घर, शेत, शहर मागे राहिले त्यांनी न्याहारीचे नाव तेवढे जपले. उल्हासनगरच्या कॅम्पात आजही एकाच बेकरीच्या एकाच फळीवरचा एकच जिन्नस मराठी गिऱ्हाईक 'पाव' म्हणून मागतो आणि सिंधी गिऱ्हाईक 'डबल' म्हणून. बेकरीवाला दोघांनाही तोच देतो.

आणि आमच्या उर्दू बोलणाऱ्या घरांत आणखी एक शब्द होता, 'नानपाव'. नान ही फारसी रोटी, पाव ही पोर्तुगीज रोटी. उत्तरेतली 'पावरोटी'ही तशीच. म्हणजे दोन भाषांतल्या दोन रोट्या एका शब्दात एकत्र भाजल्या. खरे विचाराल तर 'डबल रोटी' हे नाव यांनाच शोभते! एका भाषेतला शब्द पुरेसा कळला नाही म्हणून शेजारी दुसऱ्या भाषेतला ठेवला, म्हणजे कोणीच उपाशी राहायला नको. आपल्या देशातले सामान्य लोक असाच संसार करीत आले आहेत.

येथवर शब्दाची हकिकत झाली. पण टपरीवरचा प्रश्न शब्दाचा नव्हता, किळसेचा होता. तिलाही इतिहास आहे.

वसईकडे एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला, गावाने नकळत ते पाणी प्याले आणि अख्खा गाव बाटला. ही घटना कोठे, कोणत्या विहिरीवर घडली हे सांगणारा भेटत नाही. पण कथा खरी मानली जात होती एवढेच पुरेसे आहे. एका तुकड्याने माणूस धर्माबाहेर जातो, मग परत यायचे म्हटले तरी दार बंद, असा तो काळ. पावाचा दोष पिठात नव्हता, तो भाजणाऱ्याच्या हातात मानला होता.

म्हणूनच १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी जातिभेद मोडण्यासाठी परमहंस सभा काढली, तेव्हा सभासद होणाऱ्याची कसोटी ठरली ती अशी, की त्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. ही सभा गुप्तपणे चाले. कारण बाहेर कळले तर बहिष्कार ठरलेला होता, आणि १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली तेव्हा सभा मोडलीच. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे चहा-बिस्किटे समोर आली, एवढ्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्या मंडळींवर ग्रामण्य झाले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. आपल्या मराठी प्रबोधनाच्या इतिहासात पावाच्या तुकड्याने असे मोठे काम केले आहे. आपण रोटी-बेटी व्यवहार म्हणतो. त्यातला रोटीचा दरवाजा किलकिला झाला तो याच परक्या रोटीमुळे.

हा इतिहास समोर ठेवला की पायाच्या कथेचा अर्थ लागतो. जात मोडली, बहिष्काराचे भय गेले, पाव सगळ्यांच्या ताटात आला, तरी मनातला संशय कोठे तरी शिल्लक राहिला. भाजणारा आधी गोव्याचा ख्रिस्ती होता, मग इराणी आला, मग उत्तर प्रदेशातून आलेला मुसलमान कारागीर आला. त्याच्या हाताबद्दल उघड बोलता येईना, म्हणून त्याच्या पायाबद्दल बोलले गेले. कथा शब्दाच्या व्युत्पत्तीची म्हणून सांगितली जाते, पण काम करते विटाळाचे.

आमच्या ओळखीच्या भट्टीवर आम्ही मुद्दाम रात्री जाऊन बसलो. मैदा यंत्रात मळला जात होता. चार कारागीर गोळे तोडून पत्र्यावर मांडत होते, लांब दांड्याच्या लाकडी फळ्याने पत्रे भट्टीत सरकवत होते. भट्टीसमोरचा माणूस घामाने निथळत होता. रात्री दहाला सुरू झालेले काम पहाटे चारला उरकले. आम्ही पायाचा विषय काढला, तेव्हा एक वयस्कर कारागीर म्हणाला, "साहेब, रात्रभर उभे राहून पाय सुजतात, एवढाच आमच्या पायांचा पावाशी संबंध." या एका वाक्यात व्युत्पत्तीचे सारे कोश मावले असे आम्हाला वाटले.

आता 'परदेशी म्हणजे आपला नव्हे' या म्हणण्याकडे वळू. शब्द परदेशातून आला हे आम्ही मान्य केले. पण मग त्याच न्यायाने आणखी कोणाकोणाला बाहेर काढायचे? बटाटा हा शब्द आणि ती वस्तू दोन्ही पोर्तुगीजांबरोबर आली. मिरचीही अमेरिकेतून त्यांच्याच जहाजांवरून आली. म्हणजे १९६० च्या दशकात दादरच्या गाड्यांवर गाजू लागलेला आणि आज मराठीपणाची खूण समजला जाणारा वडापाव. त्यातला पाव काढा, बटाटा काढा, मिरची काढा, काय उरते? बेसन आणि तेल! पगार, चावी, घमेले, लिलाव, काजू, अननस, हापूस, नाताळ, हे सारे त्याच वाटेने आलेले शब्द. फारसीतून आलेल्या शब्दांची तर गणतीच नाही. माधव ज्यूलियनांनी १९२५ साली 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध केला, तो पाहावा. हे शब्द मराठीतून हाकलले तर मराठी शुद्ध होणार नाही, मुकी होईल.

आमचा हा परिसरच मुळी आलेल्यांचा आहे. बदलापूरचे नाव कसे पडले असे विचारा. तेथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, असे सांगतात. ही कथाही लोकांनी रचलेली असेल, पण तिच्यात 'बदल' हा मूळचा अरबी शब्द आणि 'पूर' हा संस्कृत शब्द शेजारी शेजारी नांदतात, आणि कोणाला खटकत नाही. अंबरनाथला शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले शिलाहारांचे शिवालय आहे, आणि त्याच गावात विम्कोच्या काडेपेट्यांच्या कारखान्यासाठी, दारूगोळ्याच्या कारखान्यासाठी मुलूखभरातून माणसे येऊन राहिली. उल्हासनगरला तर ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली, तेव्हा कोठे नाव मिळाले. तरी लोक अजून 'कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर पाच' असेच म्हणतात. उल्हासनगरच्या मालावरच्या 'मेड इन यूएसए'चा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा लावून लोक हसत. त्या विनोदात शहाणपणही आहे. माल कोठे घडला, शिक्का कोठला आणि तो वापरणारा कोण, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण बोट दुसऱ्यांकडे दाखवून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हीच चूक आपणही करतो, फक्त उलट्या बाजूने. बिर्याणीचा विषय निघाला की आपल्यातले पुष्कळ जण अभिमानाने सांगतात, की हा शब्द फारसी, म्हणजे पदार्थ इराणचा, म्हणजे आमचा. शब्द फारसीच आहे. 'बिर्यान' म्हणजे भाजलेले, तळलेले. कोणी तो तांदळाच्या 'बिरिंज'शीही जोडतात. पण आपल्या देगेतला तांदूळ, हळद, मिरी, वेलदोडा कोठला? ती देग चढवणारा खानसामा कोठला? नावाच्या आधाराने आपण पदार्थाला इराणात नेऊन बसवतो, आणि पदार्थामागून स्वतःलाही. आपल्यातली कित्येक घराणी आपले मूळ अरबस्तानात, बुखाऱ्यात शोधतात. कोकणातल्या तांदळाच्या भाकरीवर आणि सांदणावर वाढलेल्या, मराठीत रडलेल्या-हसलेल्या माणसाला आपण येथलेच आहोत हे सांगायला कमीपणा का वाटावा? आपणच मूळ बाहेर दाखवत बसलो तर 'तुम्ही बाहेरचे' म्हणणाऱ्याचे काम आपणच सोपे करतो.

हे सारे एका पावासाठी कशाला, असे कोणी म्हणेल. २०२० साली कोरोनाच्या टाळेबंदीत मुसलमान फेरीवाले भाजीवर, फळांवर थुंकतात अशा अफवा उठल्या. चित्रफिती फिरल्या, त्यातल्या कित्येक जुन्या किंवा भलत्याच प्रसंगाच्या निघाल्या. तोवर कित्येक गाडीवाल्यांचा रोजगार बुडाला होता. २०२४ च्या जुलैत उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडात कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाणावळींना मालकाचे नाव पाटीवर लिहिण्याचे फर्मान निघाले, आणि २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने नाव लिहिण्याची सक्ती थांबवली. दुकानात काय शिजते हे सांगा, कोण शिजवतो हे सांगण्याची सक्ती नको, असा त्याचा साधा अर्थ. १८४९ साली मूठभर तरुणांनी लपूनछपून जे केले, ते पावणेदोनशे वर्षांनी न्यायालयाला उघडपणे सांगावे लागते. तेव्हा 'पायाने तुडवलेला' ही गंमत आम्हाला गंमत वाटत नाही. अफवेला जात्याच पाय असतात, तिला आणखी कथेचे पाय कशाला द्यायचे?

शब्दाचे मूळ शोधणे हे चांगले काम आहे. ते खरेखोटे पारखून करावे आणि सत्य सांगावे. मात्र मूळ म्हणजे सातबारा नव्हे. शब्द कोठून आला याने तो कोणाचा हे ठरत नाही. तो कोणाच्या तोंडी रुळला, कोणाच्या भुकेला उपयोगी पडला, याने ठरते. पाव लिस्बनच्या भाषेतून आला, ताडीने फुगला, ख्रिस्ती, इराणी आणि मुसलमान हातांनी भाजला गेला, सुधारकांच्या गुप्त बैठकीत खाल्ला गेला, निर्वासितांच्या छावणीत 'डबल' झाला आणि बटाटेवड्याला कुशीत घेऊन मराठी झाला. एवढा मुक्काम झाल्यावर 'तू मूळचा कोठला' असे त्याला विचारणे शोभत नाही. त्याला विचारू नये तसे माणसालाही विचारू नये.

परवा आम्ही पुन्हा त्या टपरीवर गेलो होतो. तीच मंडळी होती. आम्ही लंका-जपानची हकिकत सांगितली, परमहंस सभेची सांगितली, आणि त्या कारागिराचे सुजलेल्या पायांचे वाक्यही सांगितले. पायाचा प्रश्न विचारणारे गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी आपल्या बशीतला पाव मोडला, अर्धा आमच्यापुढे केला आणि म्हणाले, "घ्या. पाव म्हणजे चौथा हिस्सा असेल तर असू द्या, आज निम्मा घ्या."

आम्ही तो चहात बुडवून खाल्ला.